गेनबाचा अर्धा जीबी

शेरेमाळ म्हणून एक गाव होतं आणि त्या गावात एक भोळा गडी राहत होता. त्याचं नाव गेनबा. भोळा हा गावाचा शब्द. त्याची बायको अनसा वेगळा शब्द वापरायची, पण तो कागदावर शोभत नाही.

गेनबा दिसायला बरा होता. कामाला वाघ होता. मेंढ्या कातरण्यात तर पंचक्रोशीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. मेंढी दोन गुडघ्यांत आवळली की ती उठायची ती उघडी होऊनच. सांगितलेलं काम तो सांगितलं तसं करायचा. तसं म्हणजे अगदी तसंच. नवऱ्यांमध्ये हा गुण दुर्मिळ आहे. ज्या घरात तो आहे त्या घरची बाई म्हणेल, दुर्मिळ आहे तेच बरं.

शिकवलेलं विसरू नये म्हणून तो खांद्यावरच्या टॉवेलाला गाठ मारायचा. गाठ मारली की म्हणायचा, "पक्कं झालं. आता चूक होणं नाही."

अनसाला पशुसखी व्हायचं होतं. पशुसखी म्हणजे गावातल्या शेळ्यामेंढ्यांचं दुखलंखुपलं बघणारी बाई. तिला औषधाची पेटी मिळते, मान मिळतो. अनसाला पेटीचं पडलं नव्हतं. मागच्या साली तिची एक शेळी पोट फुगून डोळ्यांदेखत गेली. डॉक्टर येईस्तोवर अनसा तिच्या कानाशी नुसती बसून होती. काय करायचं ते ठाऊक नव्हतं. ते नुसतं बसणं तिला वर्षभर खुपत होतं.

गावातून एकच बाई घेणार होते. शनिवारी तालुक्याला तोंडी परीक्षा. दुसरी उमेदवार मालन, सरपंच बाजीरावांची भावजय. मालनला शेळीची भीती वाटायची. पण ती सरपंचांची भावजय होती, आणि आपल्याकडे तेवढं शिक्षण पुरतं.

परीक्षेचा अभ्यास फोनवर होता. जनावरांच्या एका डॉक्टरांनी शेळीच्या निगेवर अकरा भाग बोलून ठेवले होते. ह्याला पॉडकास्ट म्हणतात. एकानं बोलत राहायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. घरोघरचे पुरुष हे काम पिढ्यानपिढ्या फुकट करत आले आहेत, पण ह्यात निदान कामाचं काही होतं. अनसाला धड वाचता येत नव्हतं. पण कानाला शाळा लागत नाही.

आता अडचण ऐका. घरात रेंज नाही. रेंज गावाबाहेर, पाण्याच्या टाकीच्या माळावर. अनसा दिवसभर कांदा काढायला जायची, ती माळावर कधी बसणार? शिवाय रिचार्ज सगळ्यात स्वस्तातलं. दिवसाला अर्धा जीबी. तेवढ्यात दहा-साडेदहा भाग यायचे. मग नेट बंद, ते दुसऱ्या दिवशीच. म्हणून गेनबानं माळावर जाऊन भाग फोनमध्ये उतरवून आणायचे आणि संध्याकाळी अनसानं ते घरी ऐकायचे, असं ठरलं.

सोमवारी सकाळी अनसानं फोन त्याच्या हातात दिला. भागासमोरचा खाली तोंड केलेला बाण दाखवला. तो दाबायचा, की गोल फिरायला लागतं. गोल भरलं की भाग आला.

"आणि हे बघा," ती म्हणाली, "दिवसाला अर्धाच जीबी असतं. नेट जपून वापरा. उधळू नका."

"पक्कं झालं," गेनबा म्हणाला आणि टॉवेलाला गाठ मारली.

तो माळावर गेला. टाकीच्या सावलीत बसला. फोन टॉवेलात गुंडाळला, टॉवेल मांडीवर घेतला, वरून दोन्ही हात ठेवले. दिवसभर बसला. पाणीसोड्या धोंडिबानं विचारलं, "गेनबा, किती वाजले रे?"

"फोनमध्ये आहेत," गेनबा म्हणाला. "पण आज काढायचे नाहीत."

संध्याकाळी तो घरी आला. छाती दोन इंच फुगलेली.

"आणलं?" अनसानं विचारलं.

"सगळंच्या सगळं. कणसुद्धा सांडला नाही. अर्धा जीबी नेला, अर्धा जीबी परत आणला."

अनसानं कपाळाला हात लावला.

"अहो, ते काय तूप आहे साठवायला? रोजचं रोज येतं. आलेलं त्याच दिवशी संपवायचं असतं. उरलं की वाया जातं!"

"मग आधी सांगायचं नाही का," गेनबा म्हणाला. "आलेलं त्याच दिवशी संपवायचं. पक्कं झालं. आता चूक होणं नाही." आणि दुसरी गाठ मारली.

मंगळवारी तो माळावर गेला तर लाईट गेलेली आणि टॉवर बंद. वाट बघितली, लाईट काही आली नाही. येताना दुकानदारानं हाक मारली, "गेनबा, तुझ्या बायकोनं शेंगदाण्याची पेंड सांगितली होती. महिन्याची. घेऊन जा."

वीस किलोचं पोतं. गेनबानं ते पाठीवर घेतलं आणि वाटेत टॉवेलाची गाठ चाचपली. आलेलं त्याच दिवशी संपवायचं. उरलं की वाया.

घरी सात शेळ्या. त्यानं पोतं फाडलं आणि पाटीवर पाटी ओतली. शेळी हुशार जनावर आहे, पण समोर पेंडीचा डोंगर आल्यावर हुशारी कोणाची टिकली आहे? शेळ्यांना जाईना तेव्हा त्यानं शेजारच्या शेळ्या बोलावल्या. त्यांनाही जाईना तेव्हा कोंबड्या. तळाशी वाटीभर राहिली ती स्वतः खाल्ली. बायकोची वस्तू वाया जाऊ द्यायची नाही, हा त्याचा बाणा.

अनसा रानातून आली. दावणीला तिची लाडकी चांदी पाय फाकवून उभी. डावी कूस ढोलासारखी. मान खाली, तोंडाला लाळ. मागच्या सालची शेळी अशीच उभी होती.

अनसाच्या हातातली पाटी गळून पडली. "गजराआजी! अहो गजराआजी!"

शेजारची गजराआजी काठी टेकत आली. कूस बघितली आणि हातातली काठीच चांदीच्या तोंडात आडवी घातली. "बांध ही. चघळत राहू दे, वारा सुटेल. पुढचे पाय उंबऱ्यावर घे. आता डावी कूस चोळ. जोरात! बाळाला चोळतेस का? गोडं तेल आण. हळू पाज, ठसका लागू देऊ नको."

अनसा चोळत राहिली. दिवेलागणीला चांदीनं एक लांबलचक ढेकर दिली आणि चार पावलं चालली. बाकीच्या शेळ्या सुस्त पडल्या होत्या, पण त्या निभावल्या.

गेनबा कोपऱ्यात उभा होता. "उरवली नाही," तो हळूच म्हणाला.

"अहो, जीव घेता का तिचा?" अनसाचा आवाज फाटला. "एकदम सगळं भरायचं नसतं! चिमूट चिमूट द्यायचं. अंग गोल दिसायला लागलं की लगेच थांबायचं!"

"चिमूट चिमूट. गोल दिसलं की थांबायचं." गेनबानं डोळे पुसले, तिसरी गाठ मारली. "पक्कं झालं."

बुधवारी टॉवर चालू होता. गेनबानं पहिला भाग काढला. बाण दाबला. गोल फिरायला लागलं. गोल दिसताक्षणी त्यानं थांबवलं. दुसरा भाग. बाण, गोल, थांब. तिसरा. बाण, गोल, थांब. असे अकराच्या अकरा. एकदाही हात चुकला नाही. कातरणारा माणूस.

संध्याकाळी अनसा हातपाय धुऊन पाटावर बसली. "लावा."

गेनबानं पहिला भाग लावला. फोन म्हणाला, "नमस्कार भगिनींनो, आज आपण..."

आणि गप्प.

दुसरा लावला. "नमस्कार भगिनींनो, आज आपण..."

गप्प.

डॉक्टरांनी अनसाला अकरा वेळा नमस्कार केला. सरपंचांनीही तिला आयुष्यात एवढ्या वेळा केला नव्हता.

"पुढचं कुठाय?"

"पुढचं नाही. सगळ्याचं चिमूट चिमूट आणलं. गोल दिसलं की थांबलो. एकाचंही पोट फुगू दिलं नाही."

अनसानं फोन उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "अहो, अर्धवट कामाला कुत्रं विचारत नाही. एकदा हातात घेतलं की पुरं झाल्याशिवाय सोडायचं नाही. मग कोणी कितीही ओरडो. कळलं?"

"कोणी कितीही ओरडो. पक्कं झालं." चौथी गाठ.

गुरुवारी गेनबा माळावर पोचला तर तिथं सरपंच बाजीराव आधीच बसलेले. त्यांची साहेबांबरोबर फोनवर मीटिंग होती, तोंड दाखवून करायची. अजून वेळ होता, म्हणून ते फोनमध्ये स्वतःला न्याहाळत होते. बाजीरावांची मिशी म्हणजे गावाचं भूषण. वाढदिवसाच्या फलकावर आधी मिशी यायची, मग नाव.

"गेन्या, कात्री आहे का रे?"

गेनबाच्या कमरेला कात्री नसते असा दिवस नाही.

"ही डावी बाजू जरा जास्त दिसतीय. चार केस कमी कर. हलक्या हातानं."

गेनबा पुढं झाला. बाजीरावांना त्यानं सवयीनं पाठमोरं बसवलं, गुडघ्यांत धरलं, हनुवटी वर केली. चार केस गेले.

"बास," सरपंच म्हणाले.

गेनबानं गाठ आठवली. कात्री चालूच.

"अरे बास! बास म्हणतोय ना!"

"ओरडा तुम्ही," गेनबा मायेनं म्हणाला. "मेंढ्याही ओरडतात."

डावी बाजू पुरी झाली. मग उजवी पुरी केली. वरचा ओठ असा साफ केला की माशी बसली असती तर घसरली असती. तेवढ्यात फोन वाजला आणि साहेबांचं तोंड दिसलं. साहेब म्हणाले, "बाजीराव कुठं आहेत? त्यांना बोलवा."

त्यानंतर गेनबा माळावर थांबला नाही. थांबण्यासारखं वातावरण नव्हतं. तो पुढं, सरपंच दगड घेऊन मागं, असे दोघं गावात आले. तोंडाला उपरणं गुंडाळून सरपंच घरात शिरले. दारातून ओरडले, "तुझी बायको पशुसखी कशी होते तेच बघतो! ग्रामसभेचा ठराव आणि माझी सही लागते त्याला!"

हे अनसानं ऐकलं. ती उंबऱ्यावर बसली. दोन दिवस राहिले होते, फोनमध्ये अकरा नमस्कार होते आणि वर सरपंचांचं वैर.

"पुरं केलं," गेनबा म्हणाला.

"दिसलं मला." ती थकून गेली होती. "अहो, दुसऱ्याच्या कशालाही हात लावायच्या आधी विचारायचं असतं. करू का, असं. आणि हो आल्याशिवाय बोटसुद्धा लावायचं नाही."

"करू का, विचारायचं. हो आल्याशिवाय बोट लावायचं नाही." पाचवी गाठ. "पक्कं झालं."

शुक्रवार उजाडला. शेवटचा दिवस. माळावर कोणी नव्हतं. गेनबानं पहिला भाग काढला, बाणावर बोट नेलं आणि थबकला. बोलणं डॉक्टरांचं. म्हणजे वस्तू दुसऱ्याची. त्यानं भाग नुसता सुरू केला.

"नमस्कार भगिनींनो," डॉक्टर म्हणाले.

"नमस्कार डॉक्टर. तुमचं हे घरी उतरवून नेऊ का?"

डॉक्टर शेळीच्या जातींबद्दल बोलायला लागले. मोठा माणूस बोलत असताना मध्ये तोंड घालू नये, एवढं वळण गेनबाला होतं. तो थांबला. भाग संपला. दुसरा आपोआप सुरू झाला.

"नेऊ का?"

डॉक्टर गोठ्याच्या उंचीकडे वळले. तिसऱ्यात चाऱ्याकडे. चौथ्यात जंतांकडे. दर भागाला गेनबा हात जोडून विचारत राहिला आणि डॉक्टर काही हो म्हणेनात. अकरावा भाग पोटफुगीचा. डॉक्टर म्हणाले, "प्रथम शेळीच्या डाव्या कुशीवर हात ठेवून..." आणि बंद पडले. फोनवर पाटी आली. धोंडिबानं वाचून दाखवली: आजचा डेटा संपला.

तीन वाजता गेनबा घरी आला. अनसा त्या दिवशी खाडा करून थांबली होती. तिनं फोन बघितला. नमस्कारांपलीकडे काही नव्हतं.

"हो म्हणालेच नाहीत," गेनबा म्हणाला. "दहा वेळा विचारलं. नुसते बोलत होते."

"काय बोलत होते?" अनसा रडण्याच्या बेतात होती.

"नमस्कार भगिनींनो, आज आपण शेळीच्या जाती पाहणार आहोत. आपल्या भागात प्रामुख्यानं..."

अनसाचं रडणं जागीच थांबलं. कारण गेनबा बोलतच राहिला. शब्दाला शब्द. डॉक्टर जिथं खोकले तिथं खोकला. जिथं पाणी प्यायले तिथं घोटभर प्यायला. ज्या डोक्यात स्वतःचं काही नसतं, तिथं दुसऱ्याचं ऐसपैस मावतं. अनसा त्याच्यासमोर मांडी ठोकून बसली. "हे पुन्हा," म्हणाली की तो मागं जायचा. "पुढं," म्हणाली की पुढं. शेळ्यासुद्धा कान देऊन उभ्या होत्या. जेवणवेळेपर्यंत दहा भाग पुरे झाले.

"प्रथम शेळीच्या डाव्या कुशीवर हात ठेवून..." गेनबा म्हणाला आणि तोंड उघडं ठेवून थांबला.

"ठेवून काय? अहो, मला हेच हवंय! ठेवून काय?"

"डेटा संपला."

अनसानं खूप हालवलं, काही उपयोग झाला नाही. शेवटी ती पाठ टेकून म्हणाली, "बरं. संपला तर गप्प बसायचं, दुसरं काय करणार. उद्या नवा येतो. मग जिथं सोडलं तिथून पुढं सुरू करायचं."

"डेटा संपला की गप्प बसायचं. नवा आला की जिथं सोडलं तिथून सुरू." गेनबाच्या टॉवेलात आता जागा कमी होती, तरी सहावी गाठ बसली. "पक्कं झालं. आता चूक होणं नाही."

शनिवारी सकाळी एसटीत बसल्यावर अनसाला आठवलं. तालुक्याला रेंज असते. अकरावा भाग तिथं ऐकता येईल.

"अहो, फोन द्या."

"फोन घरी. कणगीत, ज्वारीच्या तळाशी. जपून ठेवलाय."

अनसा खिडकीबाहेर बघत राहिली.

परीक्षेला आधी मालन गेली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "शेळीचं वय कसं ओळखाल?" मालन म्हणाली, "कागदपत्रं बघून." मग अनसा गेली. जाती विचारल्या, तिनं सांगितल्या. जंतांचं विचारलं, सांगितलं. मध्ये एकदा खोकलीही, कारण तिथं खोकला होता. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पोटफुगी झाली तर काय कराल?"

अकरावा भाग. ठेवून काय, ठेवून काय. मग तिला चांदी दिसली. ढोलासारखी कूस, तोंडात गजराआजीची काठी. तिनं डोळे मिटले आणि सांगायला लागली. काठी, उंबरा, चोळणं, तेल. ढेकर कशी येते तेही करून दाखवलं.

"हे कुठं ऐकलंत?"

"ऐकलं नाही, बाई. हातानं केलंय. मंगळवारी."

अनसा पास झाली. पहिली आली. पण तिथंच हातात मिळालेल्या पत्रात खाली लिहिलं होतं: ग्रामसभेचा ठराव व सरपंचांची सही आवश्यक.

रविवारी देवळासमोर ग्रामसभा भरली. बाजीराव तोंडाला उपरणं बांधून खुर्चीत बसले होते. समोर भजी आणि जिलबीची परात. उपरण्याखालून एकेक आत जात होती, आणि रागावलेल्या माणसाला मोजदाद राहत नाही. तेराव्या जिलबीनंतर त्यांनी अनसाचं पत्र हातात घेतलं.

"बाई पास झाली, आनंद आहे," ते म्हणाले. "पण जिच्या नवऱ्याला शेळी आणि सरपंच ह्यांतला फरक कळत नाही, तिच्या हवाली गावची जनावरं कशी करायची? सही नंतर बघू."

मालन पदराआड हसली. अनसा पत्राकडे बघत उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ते दिवस संपले होते.

बाजीरावांनी खुर्चीत अंग सैल सोडलं, "आई गं," म्हणाले आणि डावी कूस दाबली.

गेनबा मागं उभा होता. सकाळीच त्यानं कणगीतून फोन काढून, माळावर जाऊन, जिथं सोडलं तिथून पुढचं सगळं ऐकलं होतं. नवा डेटा होता. त्यानं सरपंचांकडे बघितलं. मान खाली. डावी कूस फुगलेली. अंग गोल.

तो पुढं झाला. "सरपंच, करू का?"

त्याच वेळी ग्रामसेवक दुसऱ्या कानाशी वाकून म्हणाले, "साहेब, अजून दोन जिलब्या घालू का?"

"हो," बाजीराव म्हणाले.

हो आलं. गेनबानं त्यांना गुडघ्यांत धरलं. त्या पकडीतून मेंढा सुटत नाही, सरपंच काय सुटणार? उपरणं खाली आलं आणि मिशी नसलेला सरपंच गावानं पहिल्यांदा बघितला. गजराआजीची काठी त्यांच्या तोंडात आडवी गेली, वरून सहा गाठींचा टॉवेल आवळला गेला.

"प्रथम शेळीच्या डाव्या कुशीवर हात ठेवून," गेनबा खणखणीत आवाजात म्हणाला, "फुगवटा तपासावा. तोंडात आडवी काठी बांधावी. पुढचे पाय उंचावर घ्यावेत."

पुढचे पाय देवळाच्या पायरीवर आले.

"कूस जोरात चोळावी."

"ऊं! ऊं!" सरपंच म्हणाले.

"ओरडा तुम्ही," गेनबा म्हणाला. "पुरं झाल्याशिवाय सोडणार नाही."

गावानं मध्ये पडावं की नाही ह्यावर बरीच कुजबुज झाली. ठराव असा झाला की गेनबा आधी विचारून करतोय, तर करू द्यावं. गजराआजी घरातून गोडं तेल घेऊन आली. वाटी भरूनच आणली.

"तरीही उतार न पडल्यास," गेनबा म्हणाला, "जाड सुई घेऊन..." तो थांबला आणि लोकांकडे वळला. "कोणाकडे दाभण आहे का? पोती शिवायची?"

होती. गावात असल्या वेळी सगळं सापडतं. आता पुढचं वाक्य खरं तर असं होतं, की हे काम डॉक्टरांकडूनच करून घ्यावं. पण ते पुढचं वाक्य. गेनबा क्रमानं जाणारा माणूस.

दाभण वर गेली. सरपंचांचे डोळे तिच्याबरोबर वर गेले, मग खाली येऊन अनसावर थांबले. गावात आता त्यांना तेवढाच आधार दिसत होता.

अनसा शांतपणे पुढं आली. पायरीवर पत्र ठेवलं, शेजारी पेन ठेवलं.

"ग्रामसभेचा ठराव झालाय ना?" तिनं मागं वळून विचारलं.

"झालाय!" बायका एका आवाजात म्हणाल्या. पुरुष जिलब्या खात होते.

सरपंचांनी सही केली. काठी तोंडात होती, पण सही सुवाच्य आली. तारीखसुद्धा घातली.

अनसानं पत्राची घडी केली, कमरेला खोचली आणि मग म्हणाली, "अहो, आजचा डेटा संपला."

"जाड सुई घेऊन..." एवढं म्हणून गेनबा तोंड उघडं ठेवून गप्प झाला. दाभण जिथल्या तिथं थांबली. काठी सुटली. बाजीरावांनी अशी ढेकर दिली की देवळावरचे पारवे उडाले, आणि त्यांना खरंच बरं वाटलं. पण तसं ते आजतागायत कबूल करत नाहीत.

रात्री सरपंच निवांत झोपले. मिशी येईल. सहीचं पुढं बघता येईल. सोमवारी सकाळी ते अंगणात चूळ भरत होते. दाराची कडी वाजली. त्यांनी दार उघडलं.

दारात गेनबा उभा होता. आंघोळ केलेला, कपाळाला गंध, खांद्यावर गाठींचा टॉवेल, हातात दाभण.

"सरपंच, नवा डेटा आला," तो म्हणाला. "काल जिथं सोडलं तिथून पुढं सुरू करू का?"